बेळगाव सीमाभागातून पेटंट एजंटचे काम: नवख्यांसाठी

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, मच्छेच्या मशीनशॉपमध्ये किंवा संकेश्वरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर काही नवे घडले की मालक तीन प्रश्न घेऊन येतो. पेटंट मिळेल का, खर्च किती आणि वेळ किती? शेवटच्या दोन प्रश्नांना कोष्टक आणि कॅलेंडर पुरते. पहिल्याचे खरे उत्तर शोधण्यात पेटंट एजंटचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पेटंटचा अर्ज लिहून तो पेटंट कार्यालयापुढे चालवणाऱ्याचे, बहुतेक आयुष्य जाते. ते उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असते आणि ते पैसे घेण्याआधी सांगावे लागते. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी इथे कामाचा क्रम दिला आहे.

पात्रता आणि परीक्षा

१९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १२६ आधी वाचा. भारतीय नागरिकत्व, पूर्ण २१ वर्षे वय, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पात्रता परीक्षा, एवढे लागते. कायद्याची पदवी लागत नाही आणि नुसत्या कायद्याच्या पदवीवर चालतही नाही. बीए करून बेळगावच्या राजा लखमगौडा कायदा महाविद्यालयातून एलएलबी झालेला चांगला वकीलसुद्धा या परीक्षेला बसू शकत नाही. मेकॅनिकलची पदवी घेतलेला बसू शकतो. रजिस्टरवर नाव ‘पेटंट एजंट’ म्हणूनच चढते. एजंट असून वकिलीची सनदही असेल तर लोक त्याला पेटंट ॲटर्नी म्हणतात. फरक कोर्टात जाणवतो. पेटंट कार्यालयापुढची सगळी कामे एजंट करू शकतो, पण उल्लंघनाचा दावा किंवा उच्च न्यायालयातले अपील चालवायला वकीलच लागतो.

परीक्षा २५० गुणांची. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, १०० गुण. दुसरा मसुदा लिहिण्याचा आणि मसुद्याचा अर्थ लावण्याचा, १०० गुण. तोंडी ५० गुणांची. दोन्ही लेखी पेपरांत प्रत्येकी किमान ५० आणि एकूण ६० टक्के, म्हणजे १५० गुण हवेत. परीक्षेची तारीख दरवर्षी ठरलेली नसते, म्हणून पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि त्या वर्षीचा अभ्यासक्रम तिथूनच घ्या. गाइडपेक्षा मूळ कायदा, २००३ चे नियम आणि कार्यालयाची कार्यपद्धती पुस्तिका वाचा. २०२४ च्या मार्चमध्ये नियमांतल्या बऱ्याच मुदती बदलल्या, त्यामुळे जुन्या नोट्स पाठ करून गेलेले पहिल्याच पेपरात अडकतात. दुसऱ्या पेपरासाठी घरातली वस्तू, कुकरची शिटी, सायकलचा स्टँड, समोर ठेवून तिचे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागायचा ते सांगणारी वाक्ये, लिहायचा सराव करा. पाठांतर तिथे कामाला येत नाही.

नोंदणी होईपर्यंत नोंदणीकृत एजंटच्या हाताखाली शोध-अहवाल (असे आधी कुठे झाले आहे का याचे) आणि कच्चे मसुदे लिहावेत. स्वतःच्या नावाने एजंट म्हणून काम घेऊ नये. नोंदणी नसताना एजंटचे काम करणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिकण्याच्या नोकऱ्या मुख्यतः पुणे आणि बेंगळुरूत आहेत आणि बेळगाव त्या दोघांच्या मधल्या वाटेवर आहे. दोन-तीन वर्षे तिकडे शिकून परत येणे हा आमच्या मते सगळ्यात चांगला मार्ग. अर्ज ऑनलाइन जातो, सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे टिळकवाडीत बसूनही हा व्यवसाय पूर्णपणे करता येतो.

पहिली बैठक

माणूस वस्तू टेबलावर ठेवतो आणि सांगायला लागतो. त्याला पूर्ण बोलू द्या, मग याच क्रमाने विचारा.

हे कुणाला दाखवले, विकले, व्हिडिओ काढला, प्रदर्शनात ठेवले? हा प्रश्न पहिला, कारण याच्या उत्तरावर उरलेली बैठक अवलंबून आहे. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला शोधनिबंध अशा मोजक्या प्रसंगांना १२ महिन्यांची सवलत आहे. कॉलेजचे प्रोजेक्ट प्रदर्शन, कृषी मेळावा, यूट्यूब किंवा ग्राहकाला दिलेले पहिले पाच नग यांना ती मिळेल असे धरू नका. इंजिनिअरिंग कॉलेजांत दर उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मांडले जातात, त्यांचे फोटो त्याच दिवशी फिरतात आणि प्रोजेक्टचे मार्गदर्शक शिक्षक महिन्याभराने पेटंटचे विचारायला येतात. कॉलेजांना एवढेच सांगून ठेवा, की मांडण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण वर्णनाआधीचा तात्पुरता, अर्ज टाका.

खरा शोधक कोण? अर्ज खरा आणि पहिला शोधक किंवा त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती किंवा संस्थाच करू शकते. मालकाच्या कारखान्यात पॅटर्नमेकरने (ओतकामाचा नमुना बनवणाऱ्याने) डोके लढवले असेल तर शोधक म्हणून नाव पॅटर्नमेकरचे आणि अर्जदार म्हणून कंपनीचे. त्याची लेखी संमती घ्या. हक्काचा पुरावा अर्जानंतर सहा महिन्यांत द्यावा लागतो आणि तोवर तो माणूस होनग्याच्या दुसऱ्या कारखान्यात गेलेला असू शकतो. विभागप्रमुख किंवा मालकाचा मुलगा यांची नावे आदरापोटी घालू नका. पुढे विरोध करणाऱ्याच्या हातात तेच हत्यार येते.

आधी कसे करत होते, त्यात काय बिघडत होते आणि आता नेमका कुठला भाग बदलला? या तिन्हीची उत्तरे माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. फौंड्रीवाला रायझर, रनर, कोअर प्रिंट म्हणेल ते तसेच टिपा आणि वाळू-साच्याजवळ उभे राहून एकदा डोळ्यांनी पाहा. कार्यालयात बसून कळलेला शोध आणि भट्टीशेजारी कळलेला शोध यांत नेहमी फरक पडतो.

इथल्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये समोरासमोर स्पर्धक असतात आणि सगळे एकमेकांच्या नात्यातले, ओळखीतले. एकाचे हायड्रॉलिक सिलिंडरचे काम हातात असताना समोरच्याचे त्याच प्रकारचे काम घेऊ नका. ड्रॉइंग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे देऊ नका.

कुठे ‘नाही’ म्हणायचे

कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणारे कलम ३ पाठ असावे, कारण सीमाभागातल्या निम्म्या चौकश्या तिथेच अडतात. गुळात आले, हळद, वेलची घालून केलेली वडी ही गुणांची नुसती बेरीज असेल तर ३(ई) आड येते. एकत्र आल्यामुळे स्वतंत्रपणे न मिळणारा परिणाम मिळतो हे प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवता आले तरच पुढे जा. आजीच्या काढ्याला ३(पी), म्हणजे पारंपरिक ज्ञान. ऊस लावण्याच्या नव्या पद्धतीला ३(एच), म्हणजे शेतीची पद्धत, मात्र ऊस लावणाऱ्या यंत्राला ते लागत नाही. दूध डेअरीच्या हिशेबाच्या ॲपला ३(के), म्हणजे नुसता संगणक प्रोग्रॅम. माहीत असलेली दोन साधने शेजारी जोडली आणि दोन्ही आपापले जुनेच काम करत राहिली तर ३(एफ).

काही वेळा माणूस चुकीच्या दारात उभा असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणी-निपाणीकडचा कारागीर ‘चपलेचे पेटंट’ विचारायला आला तर त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची वाट दाखवा. त्याने पट्ट्याची नवी नक्षी काढली असेल तर डिझाईन नोंदणी सुचवा, तिचे संरक्षण १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे मिळते. उसाचे किंवा मिरचीचे नवे वाण आले तर ते २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली जाते. भारतातली वनस्पती किंवा जीवाणू वापरला असेल तर जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता पेटंट मिळण्याआधी व्हावी लागते, हे पहिल्याच दिवशी सांगा.

चेन्नई की मुंबई

कर्नाटकातले अर्ज चेन्नई कार्यालयाच्या अधिकारात येतात, महाराष्ट्र आणि गोव्याचे मुंबईच्या. बेळगावच्या अर्जदाराचे कार्यालय चेन्नई आणि २० किलोमीटरच्या आत असलेल्या चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या अर्जदाराचे मुंबई. अर्जदार कुठे राहतो, त्याचा व्यवसाय कुठे आहे किंवा शोध प्रत्यक्ष कुठे लागला, यावर हे ठरते. राहणे बेळगावात आणि कारखाना शिनोळीत असेल तर दोन्हींपैकी एक निवडता येते, पण एकदा ठरलेले कार्यालय सहसा बदलत नाही. एकापेक्षा जास्त अर्जदार असतील तर पहिले नाव कुणाचे घालायचे याचा विचार करूनच फॉर्म भरा.

रोजच्या कामात याने फारसे बिघडत नाही, कारण तपासणारा अधिकारी चारपैकी कुठल्याही कार्यालयातला असू शकतो. फरक अपिलात पडतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात जाते आणि चेन्नई कार्यालयाच्या आदेशावरचे अपील मद्रास उच्च न्यायालयात. धारवाडचे खंडपीठ दीड-दोन तासांवर असले तरी ते इथे उपयोगाचे नाही. अशिलाला हा खर्च आधी माहीत असावा.

कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतात. भागीदारीपत्र कन्नडमध्ये आणि शोधकाची टिपणे मराठीत असतील तर भाषांतराचा वेळ धरून चला. गावाचे आणि माणसाचे नाव आधार, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र आणि अर्जाच्या फॉर्म १ वर एकसारखे लिहा. बेळगाव, बेळगावी अशी वेगवेगळी रूपे आणि आडनावांची वेगवेगळी स्पेलिंगे नंतर दुरुस्त करत बसावी लागतात.

आधीचे ज्ञान शोधणे

नुसत्या शब्दांनी शोधले तर निम्मे सुटते, म्हणून पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या संकेतांनी शोधा. साचा आणि कोअर बी २२ सी, ओतकाम बी २२ डी, हायड्रॉलिक सिलिंडर एफ १५ बी, साखर आणि गूळ सी १३ बी, तंबाखू ए २४ बी, पादत्राणे ए ४३ बी. भारतीय कार्यालयाचे इनपास, युरोपचे एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आणि गुगल पेटंट्स ही चारही मोफत आहेत. जवळचा दस्तऐवज सापडला की त्याने उद्धृत केलेले आणि त्याला उद्धृत करणारे असे दोन्हीकडे जा. खरा धोका बहुधा तिथेच बसलेला असतो. ओतकामात चीन, जपान आणि जर्मनीचे दस्तऐवज भरपूर आहेत. त्यांचे यंत्रभाषांतर कच्चे असते, म्हणून आकृत्या बघा. पेटंटखेरीज मशीन बनवणाऱ्यांचे कॅटलॉग आणि व्हिडिओही पाहा. अहवालात सगळ्यात जवळचे तीन ते पाच दस्तऐवज घेऊन प्रत्येकाचे कुठले अंग आपल्या वस्तूत आहे आणि कुठले नाही याचा तक्ता करा. तीसचाळीस आकड्यांची यादी अशिलाला काहीच सांगत नाही.

मसुदा

या व्यवसायाचा कस इथे लागतो. उदाहरण म्हणून एक कोअर बॉक्स घ्या. कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, तो ज्यात घडवतात तो कोअर बॉक्स आणि कोअरचा साच्यात टेकणारा भाग म्हणजे कोअर प्रिंट. कोअरमधला वायू बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो वितळलेल्या धातूत शिरतो आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रे, पडतात. समजा, कारागिराने कोअर प्रिंटच्या टोकाशी एक खाच ठेवली आणि त्यात जाळीदार नळी अशी बसवली की कोअर काढताना नळी कोअरमध्येच राहते.

नवखा लिहितो, ‘ब्लोहोल कमी करणारा सुधारित कोअर बॉक्स’. हा दावा नव्हे, ही इच्छा आहे. फायदा सांगितला, रचना सांगितलीच नाही. दुसरा नवखा उलट टोकाला जातो आणि नळीचा व्यास ६ मिलिमीटर, जाळी पितळेची असे सगळे पहिल्याच दाव्यात घालतो. शेजारचा ८ मिलिमीटरची स्टीलची नळी घालून मोकळा होतो. पहिल्या दाव्यात फक्त ते भाग आणि त्यांचे एकमेकांशी नाते असावे ज्यांच्याशिवाय शोध उभा राहत नाही. इथे ते बॉक्स, प्रिंटच्या टोकाची खाच, खाचेत सुटी बसणारी जाळीदार नळी आणि ती कोअरसोबत निघेल अशी बसवणूक एवढेच. व्यास, धातू, नळ्यांची संख्या पुढच्या आश्रित, म्हणजे पहिल्या दाव्यावर टेकलेल्या, दाव्यांत. प्रत्येक भाग काढून विचारा, हा नसेल तरी काम होते का? होत असेल तर पहिल्या दाव्यातून तो काढा. मग उरलेला दावा शोध-अहवालातल्या तक्त्याशी लावून बघा. एकाही जुन्या दस्तऐवजात तो जसाच्या तसा सापडला तर परत मागे या.

दावे आधी लिहा, वर्णन नंतर. वर्णनात मात्र हात आखडू नका. पर्यायी धातू, पर्यायी आकार, उलट बसवणूक, सगळे घाला, कारण अर्ज गेल्यावर नवा मजकूर घालता येत नाही. दुरुस्ती फक्त दावा आखडण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा स्पष्टीकरणासाठी होते आणि तीही मूळ वर्णनात जे आहे त्याच्या आतच. चाचणीचे आकडे मागा. आधी आणि नंतर किती नग ओतले, किती नाकारले, धातू, वाळू आणि ओतण्याचे तापमान तेच होते का? तापमान बदलले असेल तर तुलनेला अर्थ नाही आणि तपासणारा ते लगेच पकडतो. शीर्षक १५ शब्दांत आणि सारांश १५० शब्दांत बसला पाहिजे. साध्या यांत्रिक शोधाच्या पहिल्या मसुद्याला नवख्याने पूर्ण आठवडा धरावा. घाईचा मसुदा तीन वर्षांनी, उत्तर द्यायच्या वेळी, आपली किंमत वसूल करतो.

अर्ज, फी, तारखा

एजंटला सगळे ऑनलाइनच भरावे लागते, त्यासाठी क्लास ३ डिजिटल सही घ्या. संचात फॉर्म १ अर्ज, फॉर्म २ वर्णन, फॉर्म ३ परदेशातल्या अर्जांची माहिती, फॉर्म ५ शोधकांचे घोषणापत्र, फॉर्म २६ मुखत्यारपत्र येते. लघुउद्योग, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांसाठी फॉर्म २८ पुराव्यासह. प्रोप्रायटरी फर्म असेल तर अर्ज मालकाच्या स्वतःच्या नावाने करा.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना अर्जाची फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. यात ३० पाने आणि १० दावे येतात. त्यापुढे सवलतीच्या दराने प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. तपासणीची विनंती, फॉर्म १८, सवलतीत ४,००० आणि इतरांना २०,०००. म्हणजे उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या फौंड्रीचा सरकारी खर्च ५,६०० पासून सुरू होतो आणि प्रमाणपत्र जोडायचे राहिले तर तोच २८,००० होतो. सरकारी फी आगाऊ घ्या. स्वतःचे मानधन शोध-अहवाल, मसुदा आणि आक्षेपांचे उत्तर अशा तीन टप्प्यांत आधीच लिहून द्या. तिसरा टप्पा न सांगितल्याने अशील ऐन वेळी हात वर करतात.

प्रोव्हिजनल टाकला तर पूर्ण वर्णन १२ महिन्यांत, नाहीतर अर्ज संपला. प्रसिद्धी १८ महिन्यांनी. फॉर्म १८ अग्रक्रमाच्या, म्हणजे पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून ३१ महिन्यांत. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती आणि अजूनही कित्येकांच्या डोक्यात तीच आहे. लघुउद्योग, स्टार्टअप आणि महिला अर्जदारांना जलद तपासणी मागता येते, सवलतीत ८,००० रुपये. त्यासोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९, २,५०० रुपये. परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्या. निर्यात करणारे इथे चुकतात, कारण परदेशी ग्राहकच त्यांच्या वतीने तिकडे अर्ज टाकून मोकळा होतो.

प्रत्येक तारीख दोन ठिकाणी नोंदवा आणि शेवटच्या दिवसाच्या ९०, ३० आणि ७ दिवस आधी आठवण लावा. अर्ज प्रसिद्ध झाला की कॉलेजांच्या फलकावर ‘पेटंट मिळाले’ असे झळकते. अशिलाला लगेच थांबवा. न मिळालेले पेटंट मिळाल्याचे सांगण्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आक्षेप आणि सुनावणी

पहिला तपासणी अहवाल बघून अशील घाबरतो. त्याला सांगा, आक्षेप जवळजवळ प्रत्येक अर्जावर येतात. उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ भरून आणखी तीन. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते.

उत्तराचा क्रम ठरवून घ्या. अहवालात उद्धृत केलेला प्रत्येक दस्तऐवज पूर्ण वाचा, तपासणाऱ्याने दाखवलेल्या परिच्छेदात तो भाग खरोखर आहे का बघा, मग दाव्यातल्या एकेका अंगावर उत्तर लिहा. ‘आमचा शोध वेगळा आहे’ या वाक्याला किंमत नाही. दुसऱ्या दस्तऐवजातली नळी वाळूत कायमची रोवलेली आहे आणि आपली कोअरसोबत निघते, त्यामुळे ती प्रत्येक नगाला नवी मिळते, या वाक्याला आहे. दावा आखडावा लागला तर आधी अशिलाची लेखी संमती घ्या आणि आखडलेला दावा त्याच्या धंद्याला अजून पुरतो का ते विचारा. पुरत नसेल तर पेटंट मिळूनही त्याच्या हाती काही लागणार नाही. सुनावणीनंतर लेखी म्हणणे १५ दिवसांत द्यायचे असते. ते सुनावणीच्या आधीच बहुतांश लिहून ठेवा.

पेटंट मिळाल्यावर

मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कुणीही हितसंबंधित विरोध नोंदवू शकतो. नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून लागते, सवलतीत सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये. पेटंट चौथ्या-पाचव्या वर्षी मिळाले तर मधल्या वर्षांची साचलेली फी नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते. छोट्या कारखान्यांची पेटंटे कोर्टात हरून जात नाहीत तेवढी इथे फी न भरल्यामुळे जातात. गेलेले पेटंट १८ महिन्यांच्या आत अर्ज करून परत आणता येते, पण न भरण्यामागे हेतू नव्हता हे दाखवावे लागते. पेटंट वापरात आहे का याचे निवेदन, फॉर्म २७, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे असते. अशिलाचा फोन नंबर, पत्ता आणि हिशेबनीसाचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा आणि दर एप्रिलमध्ये तो अजून लागतो का ते तपासा.